दोन पोफळींमधलं अंतर

तुम्हाला एका दिव्याचे दोन दिवे दिसत असतील, कपात ओतलेला चहा टेबलावर सांडत असेल आणि घरचे म्हणत असतील की लक्ष कुठे आहे तुझं, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. धीर द्यायला नाही. धीर देणारे मला ढिगाने भेटले आणि त्यांच्यातल्या एकालाही दोन दिसत नव्हते. मला आधी कुणी जे सांगायला हवं होतं तेवढंच सांगतो. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.

मी नरेश. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव आहे. बारावीपर्यंत शिकलो आणि मग झाडावर चढलो तो चढलोच. सुपारी उतरवणं हा आमच्या घरचा धंदा. मी आणि माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, दोघं मिळून गावातल्या बहुतेक वाड्या, म्हणजे सुपारीच्या बागा, करायचो. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, हे कोकणाबाहेरच्यांसाठी. सरळसोट, मांडीएवढं जाड, शेंड्याला मूठभर झावळ्या. पायांत दोरीचा फास घालायचा, कमरेला कोयती, आणि वर जायचं. घड कापायचा आणि दोरीवरून खाली सोडायचा. दोरीचं खालचं टोक धरून माझी बायको मंदा उभी असायची.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. प्रत्येक झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढत बसलं तर मोसम संपेल आणि छातीची सालं निघतील. म्हणून सुपारी उतरवणारा मधे खाली येतच नाही. शेंड्याशी बसून तो अंगाने झोका देतो. पोफळ वाकते, पुढच्या पोफळीकडे झुकते, झोका पुरा झाला की जराशी थबकते. तेवढ्यात पुढच्या झाडाच्या झावळीचं बूड पकडायचं आणि तिकडे जायचं. सकाळी वाडीच्या एका कोपऱ्यात चढलेला माणूस जेवायला दुसऱ्या कोपऱ्यात उतरतो. मला शिकवताना दादाने एकच गोष्ट सांगितली होती. "थांबायचं न्हाय. झोका पुरा झाला की हात गेला पायजे. इचार करील तो खाली जाईल."

त्या उडीत मी दादापेक्षा सरस होतो. ही फुशारकीच आहे. पण आता फुशारकीशिवाय माझ्या हाताशी दुसरं काही नाही.

माशी

गेल्या पावसाळ्यात ताप आला. उलट्या झाल्या, मान लाकडासारखी ताठ झाली. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पनवेलला पाठवलं. मधलं मला काही आठवत नाही. मेंदूला सूज आली होती, असं नंतर कळलं. आठवतं ते शुद्धीवर आल्यावरचं. समोर दोन नर्स, दोन सलाईनच्या बाटल्या, दोन पंखे. मला वाटलं, मोठं हॉस्पिटल आहे, सगळं दुप्पट असणारच.

डावा डोळा नाकाकडे ओढला गेला होता. सुजेने एक नस निकामी झाली आहे, ती हळूहळू जागी होईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "जिवावरचं शेपटीवर निभावलं." मीही मान डोलवली. माणूस मरणातून उठतो तेव्हा शेपटी कुठली गेली हे विचारत बसत नाही.

नस खरोखर जागी झाली. दिवाळीच्या सुमारास आरशात डोळे सरळ दिसू लागले. मंदाने गणपतीपुढे नारळ फोडला. मी त्या वेळी तिला सांगितलं नाही की मला नारळ दोन दिसत होते आणि गणपतीही दोन.

मग मंदाला घेऊन पनवेललाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे ऋजुता मॅडम होत्या, वयाने लहान, बोलायला मऊ. डोळ्यांची कसरत करून घेणं हे त्यांचं काम. त्यांनी मला एक काळसर चष्मा घातला आणि पुढ्यात एक मोठा फोटो ठेवला. फोटोत माशी होती, घरातलीच, पण तळव्याएवढी.

"हिचे पंख चिमटीत धरा," मॅडम म्हणाल्या.

मी कागदावर चिमटी ठेवली. पंख कागदावरच छापलेला होता, तो आणखी कुठे असणार? मॅडमनी तो चष्मा मंदाला घालायला दिला आणि तिलाही तेच सांगितलं. मंदा दचकली. मग तिने हात पुढे केला आणि कागदाच्या चांगलं वर, हवेत चिमटी धरली. तिथे काही नव्हतं. मला वाटलं, माझ्या आजारपणात हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"हा इथं वर आलाय ना पंख," मंदा म्हणाली. "तुमाला दिसत न्हाय?"

मला दिसत नव्हता. मॅडमनी समजावून सांगितलं. दोन डोळे दोन वेगळी चित्रं बघतात. मेंदू ती जोडून एक करतो, आणि त्या जोडण्यातूनच कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे हे कळतं. माझे दोन्ही डोळे ठीक होते, नसही ठीक होती. मेंदू जोडायचं विसरला होता.

"आठवेल त्याला?" मी विचारलं.

"काहींना आठवतं," त्या म्हणाल्या.

मी त्यातला 'आठवतं' एवढाच शब्द खिशात घालून बाहेर पडलो. तुम्ही तसं करू नका. 'काहींना' हा शब्दही सोबत न्या.

घर

तापात लोक तुमच्या उशाशी बसतात. दोन दिसणाऱ्याच्या उशाशी कुणी बसत नाही, कारण तो धडधाकट दिसतो. मी ओट्याची पायरी चुकून पडलो तेव्हा शेजारच्यांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. दादाच्या व्याह्यांना चहा देताना तो त्यांच्या मनगटावर ओतला. एसटी स्टँडवर माझे जुने दोस्त मला बघितलं की एक बोट वर करायचे आणि विचारायचे, "नऱ्या, किती?" मी दोन म्हटलं की टाळ्या. पहिल्यांदा मीही हसलो. पुढे पुढे मी स्टँडच्या मागच्या बाजूने जाऊ लागलो, तर तिथे गटारावरची फळी मला दोन दिसायची आणि मी चुकीच्या फळीवर पाय द्यायचो.

माझ्या वाट्याच्या रांगांची सुपारी दादाने उतरवली. "तू आराम कर, नरू," तो रोज म्हणायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी आराम हा शब्द ऐकला की मला त्याचं नरडं धरावंसं वाटायचं. वाडीत घड दोरीवरून घसरत आल्याचा आवाज घरापर्यंत यायचा आणि मी ओट्यावर बसून सुपाऱ्या सोलायचो. सोलताना लोखंडी सुळा सुपारीत न जाता माझ्या तळव्यात जायचा.

मी एक विनोद धरला होता. कुणी आलं की सांगायचो, "आधी एक बायको डोईजड होती, देवाने आता दोन दिल्या." लोक हसायचे. मंदा पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली, तरी मी सांगतच राहिलो. एकदा तिच्या माहेरच्यांसमोर सांगितला तेव्हा तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"त्या दोगींतली खरी कोन ते तुमाला वळखता येत न्हाय ना?" ती म्हणाली. "मग ऐका. जी दमलेली हाय ती मी."

कुणी हसलं नाही. मी तो विनोद पुन्हा सांगितला नाही, आणि माफीही मागितली नाही. आजारी माणूस गरीब असतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. आजारी माणूस दुष्ट असतो. त्याला जवळचंच माणूस हाताशी सापडतं.

खोकं

दर बुधवारी पनवेलची फेरी सुरू झाली. पहाटेची एसटी, वळणावळणाला उलटी दाबायची, मग दवाखान्याच्या बाकावर बसायचं. बाकावर माझ्याखेरीज सगळी शाळकरी मुलं. कुणाच्या डोळ्यावर फुलाफुलांची पट्टी, कुणाच्या हातात खाऊ. त्यांच्या आया माझ्याकडे बघून विचारायच्या, "तुमचं मूल आत गेलंय का?" मी म्हणायचो, मूल मीच आहे.

आत एक खुर्ची होती आणि डोक्याला बांधायचं एक काळं खोकं. त्याला व्हीआर म्हणतात, मुलं खेळायला वापरतात तेच. खोक्यात प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र चित्र येतं, म्हणून मेंदूला जोडायला शिकवायला ते बरं. उजव्या डोळ्याचं चित्र मंद करायचं, डाव्याचं ठळक करायचं, आणि रंगीत फुगे पुढे यायचे. जो फुगा सगळ्यांत जवळचा असेल त्याला हात लावायचा. माझ्या हातात एक दांडी दिलेली असायची.

सुरुवातीला फुगे सगळे एकाच भिंतीला चिकटवल्यासारखे. कपाळ ठणकायचं. मी खोकं काढून फेकायला निघालो की मॅडम खांद्यावर हात ठेवायच्या.

"घाई नको, नरेशदादा. थांबा. दोन्ही चित्रं जुळू द्या. जुळली की मगच हात घाला."

असे कितीतरी बुधवार गेले. मग एका बुधवारी पिवळा फुगा भिंतीतून सुटला आणि माझ्या नाकासमोर आला. गोल होता. त्याला मागची बाजू होती. त्याच्या मागे लाल फुगा होता, आणि दोघांच्या मधे जागा होती, रिकामी, ज्यात हात जाईल अशी. मी दांडी टाकून दिली आणि खोक्याच्या आत रडलो. काचांवर वाफ धरली. मॅडमनी ती पुसली आणि मला पाणी दिलं. त्या आजारपणातलं माझं खरं सुख एवढंच, आणि ते मी नाकारणार नाही.

त्यानंतर माझे गुण चढत गेले. खोक्यात जंगल यायचं, फांद्या पुढे-मागे असायच्या. मी थांबायचो, जुळू द्यायचो, हात घालायचो. शंभरातले शंभर. बाकावरची मुलं माझा आकडा विचारायची आणि त्यांचे चेहरे पडायचे.

मॅडमनी मला सावध केलं होतं, हे इमानाने सांगतो. त्या म्हणाल्या, खोक्यातली काच डोळ्यांपासून कायम एकाच अंतरावर असते. फुगा जवळ आला तरी लांब गेला तरी डोळ्यातलं भिंग आपलं त्या काचेवरच टेकून बसतं. फक्त बुबुळं आत-बाहेर वळतात. खऱ्या जगात जवळचं बघताना बुबुळं वळतात आणि भिंगही बदलतं, दोन्ही एकदम. "इथे अर्धीच कसरत होते," त्या म्हणाल्या. "बाहेर अजून भरवसा ठेवू नका."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन मंदाला फोन केला आणि सांगितलं, शंभर मिळाले.

झोका

दादाला मी म्हटलं, मी बरा झालो, माझ्या रांगा मला परत दे. तो तंबाखू मळत राहिला.

"डागदरीन बोलली तसं?"

"शंभरातले शंभर दिलेत."

"झाडावर दिलेत काय?"

मी त्याला नको ते बोललो. माझी उडी तुझ्यापेक्षा सरस होती म्हणून तुला बरं वाटतंय, असं बोललो. दादाने तंबाखू खाली टाकली आणि उठून फास आणायला गेला. मंदा दारात उभी होती.

"मला एकदा सरळ सांगा," ती म्हणाली. "दोन दिसतात की एक?"

"एक," मी म्हटलं. क्वचित एक दिसायचं, हे खरं होतं.

सकाळचं ऊन होतं, वारा नव्हता. दादा शेजारच्या रांगेत चढला. मंदाने दोरी धरली. चढताना मला डोळ्यांची गरजच लागली नाही. पायांना झाड ठाऊक होतं, छातीला ठाऊक होतं. शेंड्याला पोचलो, घड हाताने चाचपून कापला, दोरीवर सोडला. खालून मंदाने तो झेलला आणि वर बघून हसली. तिचं हसणं एक दिसलं की दोन, ते लक्षात नाही.

मग मी झोका दिला. पोफळ वाकली. पुढच्या पोफळीचे दोन शेंडे माझ्याकडे आले, एक जरा डावीकडे, एक उजवीकडे. झोका पुरा झाला. पोफळ थबकली.

आणि मी थांबलो. किती तरी बुधवार मला थांबायलाच शिकवलं होतं. दोन्ही चित्रं जुळू दे, मगच हात घाल.

ती जुळली. खोटं सांगत नाही. दोन शेंडे सरकत सरकत एक झाले आणि ती पोफळ वाडीतून सुटून पुढे आली. झावळीचं बूड गोल दिसलं. त्याच्या मागची झावळी मागे होती, तिच्या मागचं आभाळ आणखी मागे. ताप आल्यापासून खऱ्या जगातली खोली मला तेव्हा एकदाच दिसली. आणि मला दिसलं की ते बूड माझ्यापासून लांब चाललं आहे. माझी पोफळ परत फिरली होती. मधलं अंतर वाढताना मी स्वच्छ बघितलं, आणि बघत असतानाच माझा हात गेला.

मुठीत हवा आली. माशीच्या पंखाला मंदाने धरली होती तशीच चिमटी.

पायातल्या फासाने वाचवलं. मी उलटा होऊन खोडावर आपटलो, डावा खांदा निखळला, छाती घासत खाली आलो आणि मधेच अडकलो. मंदा ओरडत नव्हती. ती दोरी घट्ट धरून उभी होती, जणू मी घड आहे आणि तिच्या हातात येणार आहे. दादा दोन उड्यांत माझ्या झाडावर आला. मला पाठीशी बांधून उतरवताना तो शिव्या देत होता आणि रडत होता.

"थांबायचं न्हाय सांगितलं व्हतं ना रं तुला," तो म्हणाला. "कोनासाठी थांबला व्हतास?"

काच

खांदा बसल्यावर मंदासोबत पुन्हा पनवेलला गेलो. मॅडमनी माशीचा फोटो काढला. मी चिमटी कागदावर ठेवली. त्यांनी खोकं बांधलं. शंभरातले शंभर. त्यांनी खोकं काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे तुम्हाला खोक्यापुरतंच आलंय, दादा. बाहेर टिकत नाही. यापुढे येईल असं मी सांगू शकत नाही."

त्या खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या दिवशी मात्र नव्हतो.

उपाय एकच उरला होता. चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी कागद चिकटवायचा, म्हणजे तो डोळा बाद. दोन दिसणं बंद. पण जुळायला दुसरं चित्रच नाही म्हटल्यावर जवळ-लांब हे दोन डोळ्यांनी दिसणंही संपलं, कायमचं. जन्मभर दोन जगांत धडपडायचं की एका सपाट जगात नीट चालायचं, एवढीच निवड होती. मंदाने विचारलंही नाही. तिने चष्म्याची पावती केली.

निघताना मी मॅडमना म्हटलं, एकदा खोकं घालू द्या. उपचारासाठी नाही. त्यांनी दाराबाहेर थांबलेल्या पोरीकडे बघितलं आणि बांधून दिलं. मी दांडी हातात घेतली नाही. नुसता बसून राहिलो. पुढे फांद्या होत्या, त्यांच्या मागे फांद्या होत्या, आणि मधे सगळीकडे जागा होती. मग मॅडम म्हणाल्या, "दादा, पुढचं पेशंट आहे."

आता उपयोगाचं. चहा ओतताना भांड्याचा काठ कपाच्या काठाला टेकवा, मग ओता. पायरीला आधी टाच लावून बघा. मान थोडी डावी-उजवी हलवली की जवळची वस्तू जास्त सरकते, त्यावरून अंदाज येतो. यंत्राने दिलेले गुण यंत्रापाशीच सोडून या. आणि जे माणूस रोज तुमच्या हातून सांडलेलं पुसतं, त्याच्यावर विनोद करू नका.

मी चालतो, सायकल चालवतो, सुपारी सोलतो. दोरी धरायचा प्रयत्न केला, तर वरून येणारा घड कधी पोचेल ते कळेना आणि तो छातीवर बसायचा. म्हणून दोरी मंदाच धरते. मी खाली पडलेल्या सुपाऱ्या गोळा करतो. दादा वर असतो.

परवा वाडी बघायला पुण्याची पाहुणी मंडळी आली होती. दादाने झोका दिला तशी सगळी "अरे बापरे" करून मागे सरली. त्यांच्यातली एक बाई तोंडावर हात धरून म्हणाली, "केवढं अंतर आहे हो मधे!"

मी वर बघितलं. एका डोळ्याला दोन्ही पोफळी आभाळावर एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या. दादाने हात जरा पुढे केला आणि या झाडावरचा तो त्या झाडावर झाला. त्यात काही विशेष नव्हतं. कुणालाही जमेल असं ते दिसत होतं.

"लांब हाय?" मी मंदाला हळूच विचारलं.

तिने दोरी सोडली नाही. "लई लांब हाय," ती म्हणाली. "तुमी जायचात तेवढंच."